आबांचा डावा हात

आबांनी पोटासमोर दोन्ही हातांनी भलामोठा गोल काढला, की आम्ही तोंडातली तंबाखू थुंकून आपापल्या मागावर पळायचो. शेठ आला!

तुम्ही कधी चालू मागांच्या खडखडाटात उभे राहिला असाल, तर तिथं तोंड फक्त खाण्यापुरतं असतं हे तुम्हाला ठाऊक असेल. सुरतेत कतारगामच्या आमच्या कारखान्यात सगळं बोलणं हातांनी चाले. करंगळी वर केली की धागा तुटला, मनगट फिरवलं की मास्तरला बोलवा. मास्तर म्हणजे मी, माग दुरुस्त करणारा. आबा या बोलीत भलतेच वाचाळ. हातांनी चहाड्या करत, शिव्या देत, एका लग्नातलं अख्खं भांडण त्यांनी मला चालू मागावरून सांगितलं होतं. घरीही तेच. त्यांची बायको, आमच्या वहिनी, वैतागायच्या, "घरमा बी हातज हलावतस! मी काय माग से?"

धुळ्याकडचं गाव सोडून त्यांची हयात सुरतेत गेली होती. कुणी परत जायचा विषय काढला, की मात्र ते तोंडानं बोलत, इथंच राहणार म्हणून ठणकावत. "तठे मनं काय से? मी आठेच ऱ्हासू."

मग लकवा झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ, म्हणून उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. उरला एकच शब्द, "हां".

आम्ही कारागीर मात्र निर्धास्त होतो. आबांचं तोंडावाचून कुठं काय अडत होतं! पर्वत पाटियाच्या त्यांच्या खोलीत आम्ही खाटेभोवती बसलो आणि हात चालवायला लागलो. शेठचं पोट काढून दाखवलं. आबांनी डावा हात उचलला. तो हवेत थोडा वेळ राहिला. त्यांनी त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघितलं आणि खाली ठेवला. मग ते रडले. आम्हीही रडलो.

डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "भाषा जिभेत नसते, मेंदूत असते. तोंडाचा शब्द काय आणि हाताची खूण काय, निघतात एकाच ठिकाणाहून. तीच जागा मेली आहे." मला त्यांचा फार राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

आबांचा मुलगा हजीऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जाई. खोली तिसऱ्या मजल्यावर, वहिनींना एकटीनं आबांना उचलणं जमत नसे. गावी चुलत्याचं घर होतं, माणसं होती. मुलानं वडलांना विचारलं, "पप्पा, गावी जायचं ना?"

"हां."

"पप्पाए हा पाडी, काका! स्वतः हो म्हणाले," मुलगा मला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं.

मी खाटेजवळ बसलो. "आबा, इथंच राहायचं ना?"

"हां."

मुलगा माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मग मी काय समजू, काका?" त्याचंही काय चुकलं? वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "यास्ना मनमा काय से, कोनले माहीत?"

शेवटी न्यायचं ठरलं. दिवाळीनंतर आबा गावीच वारले. मला आठवतो तो निघायचा दिवस. दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं होतं, आणि दारातच खुर्ची अडली. आबांनी चौकट धरली होती. मुलगा एकेक बोट सोडवत होता, हळूच, दुखू नये म्हणून.

"डॉक्टर बोललेच होते," तो म्हणाला. "लुळ्या हाताची मूठ आपोआप आवळते. त्यात त्यांच्या मनाचं काही नसतं."

मी म्हणालो, "अरे, तो उजवा. हा डावा हात आहे."

तोवर शेवटचं बोट सुटलं होतं.