नथ्थूभाऊंचा हात

नथ्थूभाऊंचा हात आमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाचा. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत असे. आता सांगताना लाज वाटते.

जळगावला आम्ही केळीच्या मुळांतल्या पेशी तपासतो. प्रत्येक पेशीत केंद्रक असतं आणि केंद्रकात गुणसूत्रं. उन्हाच्या तडाख्यात ती कडेला सरकतात की मधेच राहतात, हे मला मोजायचं होतं. त्यासाठी पडद्यावर प्रत्येक केंद्रकाची कड आखावी लागे. केंद्रकं एकमेकांवर आली की संगणकाची भंबेरी उडायची, म्हणून आमचे परिचर नथ्थूभाऊ ती हातानं आखत. तीन वर्षांत नऊ हजार झाली. मधेच माणूस बदलला तर कड जराशी आतबाहेर होते आणि सगळे आकडे बिघडतात.

फेब्रुवारीत त्यांना त्यांच्या गावी, शिंदखेड्याच्या कॉलेजात बदली मिळाली. एकतीस मार्चपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर आदेश रद्द. फक्त माझी सही हवी होती.

"घरवाली एकली शे तठे, मॅडम," ते म्हणाले. बायकोला लकवा झालेला. शेजारीण दोन वेळा भरवून जाते, पण कूस बदलायला कोणी नसतं.

"दोन हजारच उरलीत, नथ्थूभाऊ. एवढी होऊ द्या." असं गोड बोलून मी दोनदा वेळ मारून नेली.

तिसऱ्यांदा आले ते म्हणतच, "हात थरथरस आते, मॅडम. तपासी देखा."

तपासायची रीत ठरलेली. जुनीच पन्नास केंद्रकं पुन्हा आखून घ्यायची आणि आधीच्या आकड्यांशी ताडून पाहायची. पाच टक्क्यांवर फरक गेला तर तो हात बाद, आणि मग मला सही करावीच लागली असती. हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

फरक निघाला एक टक्का. मी संगणकातली नोंद उघडली, तिच्यात पुसलेली रेघसुद्धा राहते. पन्नासपैकी बेचाळीस केंद्रकं त्यांनी आधी मुद्दाम वाकडी आखली होती. मग एकेक पुसून नीट आखली होती.

"हात ऐकस नही," मान खाली घालून ते म्हणाले.

मला रडू आलं. तरी मी सही केली नाही. इतका खरा हात मला दुसरा कुठे मिळणार होता?

एक एप्रिलला ते वेळेवर आले आणि खुर्चीत बसले. पुढे मी अहवालात लिहिलं, 'सर्व मोजमापं एकाच व्यक्तीनं केली आहेत.' तिथे नाव लिहायची पद्धत नाही.