गायींचे सात

आर्डिस कोपेत्स्कीच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती. दोन्हींत तासाभराचा फरक, आणि दोन्ही बरोबर! सरकारने वेळेची रेघ ओढली ती नेमकी सिडर फोर्क गाव आणि कोपेत्स्कींचं रँच यांच्या मधून. गाव, शाळा आणि चर्च एक तास पुढे. रेघेच्या पश्चिमेला रँच, गुरं आणि नवरा मर्ल एक तास मागे. म्हणून त्या मुलखात कुणी नुसतं ‘सात वाजता’ म्हणत नसे. ‘शाळेचे सात’ म्हणायचं, नाहीतर ‘गायींचे सात’. मर्ल स्वतःच्या लग्नाला गायींच्या वेळेने पोचला होता. आर्डिसने तेव्हा पाद्र्यासमोर त्याला जे सुनावलं, ते गाव अजून विसरलेलं नाही.

आर्डिस शाळेच्या मुदपाकखान्यात होती. शुक्रवारी दुपारी मुलांना चिली आणि दालचिनीचे रोल वाढायचे, आणि संध्याकाळी मैदानावरच्या लाकडी खोपटात बसून सामन्याचं घड्याळ चालवायचं, हे तिचं काम. भोंगाही तिच्याच हातात. स्वभावाने फटकळ, पण घड्याळाच्या बाबतीत बाई चोख. पोटच्या पोरासाठीसुद्धा तिने कधी एक सेकंद इकडचा तिकडे केला नव्हता.

पोटचं पोर म्हणजे क्लेटन. काय पळायचा तो! पण पळायचा कुठे, तर सिडर फोर्कमध्ये, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. तिकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून समोरच्या टोकापर्यंत पळायचं, पोचलं की सहा गुण; आणि तो अकरा जणांचा खेळ. सिडर फोर्कच्या शाळेत अकरा धड पोरं होतीच कुठे? म्हणून त्या टेकाडांतल्या शाळा सहा-सहांचा फुटबॉल खेळायच्या. कॉलेजांची माणसं शिष्यवृत्तीवर खेळवायला पोरं हेरत हिंडत ती शहरांतून. तिथे एका संध्याकाळी चार सामने बघून होतात. इथे एका पोरासाठी अख्खा दिवस गाडी हाणायची, आणि तेही सहा जणांच्या खेळातलं पोर! कोण येतंय मरायला?

क्लेटनच्या मनगटावर घड्याळ होतं. राहायचा रँचवर, पण घड्याळ कायम शाळेच्या वेळेला लावलेलं.

“जेव तरी आमच्या वेळेने!” मर्ल चिडवायचा. “आत्तापासूनच तासभर पुढे पळतोयस.”

“बाबा, मी जाणारच आहे. सवय करून घेतोय.”

मर्ल हसायचा, पण पोराने जावं असं आर्डिसइतकंच त्यालाही वाटत होतं. रँचने त्याचे दोन्ही गुडघे खाल्ले होते.

आर्डिसने सामन्यांच्या टेपा नऊ कॉलेजांना धाडल्या. आठांनी साधी पोच दिली नाही. नववं कॉलेज पश्चिमेचं, डोंगरांच्या पायथ्याचं. तिथल्या गॅरिटी नावाच्या कोचचा फोन थेट मुदपाकखान्यात आला.

“मुलगा पळतो झकास,” तो म्हणाला. “पण टेपेवरून समोरच्यांचा दम कळत नाही. मला त्याला डोळ्यांनी बघायचंय. एकच जागा उरली आहे आणि शनिवारी मला नाव द्यायचंय. शुक्रवारचा सामना किती वाजता?”

‘शाळेचे सात’ हे शब्द आर्डिसच्या अगदी ओठांवर आले होते. पण तिला एकदम लाज वाटली. हा शिकला-सवरलेला माणूस म्हणेल, कुठली ही रानटी माणसं, गायींना विचारून वेळ सांगतात! तिने घसा साफ केला आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाली, “सात वाजता, सर.”

फोन ठेवल्यावर ती स्वतःवरच खूश झाली. किती नीट बोललो आपण!

शुक्रवारी वारा सुटला होता. हंगामातला शेवटचा सामना. क्लेटनने मैदानातून खोपटाकडे बघून नुसती मान उडवली : आला का? कुंपणाशी टोपी घातलेला एक अनोळखी माणूस हाताची घडी घालून उभा होता. आर्डिसने त्याच्याकडे बोट केलं. क्लेटनने शिरस्त्राण चढवलं आणि त्यानंतर तो जो सुटला, बाप रे! समोरची पोरं त्याचा वारासुद्धा पकडू शकेनात. पहिला भाग संपायला आला तोवर फलकावर चाळीस विरुद्ध शून्य झाले होते.

तेवढ्यात दार ढकलून मर्ल आत आला, बुटांच्या चिखलासकट.

“चाळीस? अगं, मी तर वेळेवर आलो!”

“वेळेवर? अर्धा सामना झाला!”

“सात ना? अजून गायींचे सातसुद्धा वाजले नाहीत,” मर्ल हसत म्हणाला. मग त्याने काचेतून बाहेर पाहिलं. “आणि हा गुरांना चाटायच्या मिठाच्या विटा विकणारा इथे काय करतोय? गुरं खेळतायत का?”

“कोण मिठाच्या विटा विकतो?”

“तो काय, टोपीवाला, कुंपणाशी.”

मग गॅरिटी कुठे होता? गॅरिटी पश्चिमेचा. म्हणजे त्याचं घड्याळ गायींचं. ती कुठले सात हे बोललीच नव्हती, आणि त्याला विचारायचं सुचणार तरी कसं? त्याचे सात म्हणजे इथले आठ. तो अजून रस्त्यावर होता. तेव्हा खिशात फोन नसायचे, की गाठून सांगावं.

आणि सहा जणांच्या खेळाचा एक नियम आहे. अर्ध्या खेळाला पंचेचाळीस गुणांची आघाडी झाली, की सामना तिथेच बंद. हरणाऱ्यांची अब्रू राखायला काढलेला, चांगला, दयाळू नियम.

“मर्ल, पळ! आपल्या कोचला सांग, आता एकही गुण करू नका!”

“अगं, वेड लागलं का तुला?”

“माझ्यामुळे झालंय सगळं! पळ म्हणते ना!”

तिचा चेहरा बघून मर्ल निघाला. कोच मैदानाच्या पलीकडच्या कडेला. मर्ल आपले मोडके गुडघे घेऊन कुंपणाला धरून धरून पळत होता, आणि बाकांवरची माणसं त्याला बघून टाळ्या पिटत होती. चेंडू समोरच्यांकडे होता. वेळ थोडाच उरला होता. टळेल, आर्डिसला वाटलं, टळेल.

समोरच्या पोराने चेंडू उंच फेकला. क्लेटनने तो मधल्यामध्ये हवेतच उचलला.

“पड!” आर्डिस काचेवर हात आपटत ओरडली. “पड रे माझ्या राजा! पड!”

आयुष्यात तिने त्याला कधी पड म्हटलं नव्हतं. तो पडला नाही. त्याला कुणी शिवलंसुद्धा नाही. पार टोकाला पोचल्यावर त्याने वळून कुंपणाशी उभ्या मीठवाल्याकडे पाहिलं.

फलकावर शेहेचाळीस झाले आणि घड्याळ शून्यावर आलं. आर्डिसचं बोट भोंग्यावर होतं, आणि ते तिनेच दाबायचं होतं. तिने दाबलं.

लोक गाड्यांकडे निघाले होते, तेव्हा एक गाडी उलट दिशेने आत आली. त्यातून उतरलेला माणूस गोंधळून रिकाम्या बाकांकडे बघत राहिला.

“मी गॅरिटी,” तो आर्डिसला म्हणाला. त्याने मनगट तिच्यापुढे धरलं. “सात वाजता म्हणालात ना, बाई? मी तर पाच मिनिटं आधीच आलोय.”

तिने सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. तो भला माणूस होता, चिडला नाही. शेजारी उभ्या क्लेटनशी हात मिळवून म्हणाला, “पळतोस तू छानच, पोरा. पण ज्याला सामन्यात पाहिलं नाही, त्याचं नाव मी कसं देणार?” आर्डिसने कागदात बांधून दिलेले दालचिनीचे रोल त्याने घेतले आणि तो गेला.

परतीच्या वाटेवर आर्डिस पोराच्या शिव्यांची वाट बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी क्लेटन अंडी खात बसला होता, अगदी निवांत. शाळेची घंटा होऊन गेली असणार. आर्डिसने कॉफी ओतता ओतता त्याच्या मनगटाकडे पाहिलं.

“अरे, घड्याळ तासभर मागे पडलंय तुझं!”

“पडलं नाही, आई,” क्लेटन ताटातून मान वर न करता म्हणाला. “मी लावलंय.”