दोनशे सोळा स्टड

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला सगळे वेल्डिंगताई म्हणत. बावीस वर्षं ती तिथे पोलाद जोडत होती आणि कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नव्हती. कुणी नुसतं "जोड पक्का आहे ना, ताई?" असं विचारलं, तरी ती चष्म्यावरून अशी काही बघायची, की विचारणारा आल्या पावली परत जायचा.

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी नवंच काम काढलं. आठ मिलिमीटर जाडीचे दोन पोलादी पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीतभर काँक्रीट. सँडविचच म्हणा ना! अशा एका तुकड्याला सगळे फळी म्हणत. पत्र्यांच्या आतल्या अंगाला स्टड, म्हणजे जाड डोक्याचे बोटभर खिळे, वेल्ड करायचे. ते काँक्रीटमध्ये घट्ट रुतले, तर पत्रे आणि काँक्रीट एकजीव होऊन भार झेलतात. नाहीतर तिघांची तोंडं तीन दिशांना. ताईने एका फळीचे दोनशे सोळा स्टड जोडले आणि एकूण एक हातोडीने ठोकून पाहिला. सातांचा आवाज तिला पसंत पडला नाही, ते कापून पुन्हा जोडले.

पहिली फळी यंत्राखाली गेली. सरांच्या गणिताप्रमाणे तिने सत्तर टन पेलायला हवे होते. सेहेचाळीस टनांवरच धाडकन आवाज झाला आणि वरचा पत्रा मधोमध उशीसारखा फुगला.

"स्टड सुटले," काँक्रीटवाला मिस्त्री लगेच म्हणाला. "वेल्डिंगनं दगा दिला, दुसरं काय?"

बाकीचे ताईकडे बघू लागले. त्या नजरांनीच तिला जास्त लागलं.

"फळी उघडू या," ती म्हणाली.

"ताई, दोन दिवस जातील त्यात," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि तुम्हाला कोण काय म्हणतंय?"

"म्हणतायत की! माझ्या देखत म्हणतायत. मीच कापते."

तिने गॅसकटर पेटवला. फुगलेल्या भागाभोवती पत्रा कापला आणि क्रेनने उचलून उलटा ठेवला. सगळे स्टड पत्र्याला जिथल्या तिथे चिकटलेले, एकही सुटलेला नाही. पण त्यांच्या डोक्यांवर सिमेंटचा कणही नव्हता. खाली काँक्रीटमध्ये परातीएवढा खळगा होता. स्टड बिचारे धरणार कशाला? आत नुसती हवा होती.

मिस्त्रीचा चेहरा पडला. ताईला चार शब्द सुनावता आले असते, ते जिभेवर आलेही होते. पण तिने गिळले.

"फळी आडवी ठेवून भरली ना मिस्त्री, म्हणून वरच्या पत्र्याखाली हवा कोंडली," ती म्हणाली. "पुढची उभी करून भरू या. हवा वरून निघून जाईल."

"उभी केली तर काँक्रीटच्या वजनानं पत्रे पोट काढतील."

"बाहेरून टेकू मी देते. तुम्ही भरा."

मिस्त्री क्षणभर घुटमळला. "ताई, त्या दिवशी मी जरा घाईनंच..."

"टेकू किती अंतरावर हवेत ते सांगा आधी."

दुसरी फळी दोघांनी मिळून केली. काँक्रीट सुकल्यावर ताईने पत्र्याला कान लावून इंच न् इंच ठोकून पाहिला. सगळीकडे भरीव आवाज.

चाचणीच्या दिवशी तिने आईला बोलावलं. एकोणिसाव्या वर्षी लेकीने वेल्डिंग शिकायचं ठरवलं, तेव्हा हीच आई महिनाभर तिच्याशी बोलली नव्हती. आता सत्तरी ओलांडलेली आई डोक्यावरचं हेल्मेट सावरत खुर्चीत बसली होती.

चाळीस टन. पन्नास. कडेच्या काँक्रीटला केसासारख्या तिरक्या भेगा पडल्या. साठला फळी खाली झुकू लागली. आईने लेकीचा हात पकडला.

"मोडतेय का गं?"

"वाकतेय, आई. मोडत नाहीये."

सत्तर. वरचा पत्रा जसाच्या तसा, कुठे फुगवटा नाही. फळी चार बोटं झुकली, खालचा पत्रा ताणला गेला, तरी ती पेलत असलेला भार काही कमी होईना. एकोणऐंशी टनांवर यंत्राचा दाब देणारा दट्ट्याच शेवटाला पोचला, त्याला पुढे सरकायला जागा उरली नाही. सरांनी यंत्र बंद केलं.

पहिली टाळी मिस्त्रीने वाजवली. सर कागद घेऊन ताईपाशी आले. "अहवालात तुमचं नाव घालतोय. फळी उभी करून भरायची युक्ती तुमची, असं स्पष्ट लिहितो."

"मिस्त्रींचंही घाला. भरली त्यांनी," ताई म्हणाली.

आई उठून फळीपाशी गेली. वाकलेल्या पत्र्यावरून हात फिरवत म्हणाली, "तू जोडलेलं कुठलं, ते दाखव की."

"ते दिसत नाही, आई. सगळं आत आहे."

"असू दे," आई म्हणाली आणि हात तिथेच ठेवून उभी राहिली.

अहवाल छापून आला, त्यात दोघांची नावं आली. पुढच्या सगळ्या फळ्या उभ्या करूनच भरल्या गेल्या. आई मात्र शेजारणींना ती हकिगत सांगताना दरवेळी चार-पाच टन वाढवते. परवा आकडा शंभराच्या पुढे गेला होता. ताई स्वयंपाकघरात ऐकत होती. हिशेबाला इतकी पक्की असूनही तिने काही तो दुरुस्त केला नाही.