संगणकाच्या तापमानाची नोंदवही

विषय : हयातीचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आमच्या जुन्या कचेरीतल्या संगणकाचे तापमान.

महिनाअखेर दाखला गेला नाही, तर माझं निवृत्तिवेतन थांबेल. यात संगणकाच्या तापमानाचा काय संबंध, असं आपण विचाराल. मीही विचारतो आहे. कचेरीतल्या किश्श्यांना आवक क्रमांक नसतो, त्यामुळे ते निकाली निघत नाहीत. नुसते साचतात.

एप्रिल लागला की आमचा संगणक दुपारी आपोआप बंद पडे. ऑपरेटर वैशालीताई, रोहण्याच्या. त्यांनी आतलं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. पडद्यावर ९४ आलं. साहेबांनी मोबाईलवर बाहेरचं पाहिलं, तर पंचेचाळीस.

"मग उरलेलं कुठून आलं?"

कोणालाच सांगता येईना, म्हणून नोंदवही घालण्यात आली.

ती शिपाई देवरावकडे. सोमवारीच त्यानं शनिवारपर्यंतचे रकाने भरलेले दिसले. रोज साठ. मी कारण विचारलं.

"बाबूजी, शनिवारी मशीन बंद पडली तं आकडा कोठून आनू?"

मी खाली सही केली.

मग संगणकाचं बाजूचं झाकण काढलं आणि कूलर त्याच्याकडे वळवला. दोन दिवसांत सगळी कचेरी खुर्च्या घेऊन संगणकाभोवती. तो पुन्हा तापला. वैशालीताई मला म्हणाल्या, "काका, सरका जरासे. तुमची रिटायरमेंट जवळ आहे, त्याले अजून दहा वर्षं काढाची हायेत."

उघड्या झाकणातून शेजारच्या जिनिंगचा कापूस आतल्या पंख्यात जाऊन बसला. देवरावनं तो काढून केळझरच्या गणपतीसाठी वाती वळल्या.

शेवटी मीच अर्ज लिहिला, संगणकाला गरम हवा बाहेर फेकणारा आणखी एक पंखा मिळावा म्हणून. वरून पुरावा मागितला. नोंदवहीची प्रत पाठवली. उत्तर आलं : तापमान रोज साठ असून समाधानकारक आहे, गरज पटवून द्यावी. पटवून देणारं पत्र पाठवलं आणि मी निवृत्त झालो.

परवा दाखल्यासाठी गेलो. नोव्हेंबरात तरी तापणार नाही, असा माझा अंदाज. पण नोव्हेंबर म्हणजे जिनिंगचा हंगाम, पंख्यात पुन्हा कापूस. वैशालीताईंनी तीनदा माझं नाव भरलं, तीनदा संगणक बंद पडला.

"काका, तुमी जिवंत आहा हे मले दिसून राह्यलं. पण मशीनले दिसाले पाह्यजे नं."

तेवढ्यात देवराव नोंदवही घेऊन आला.

"बाबूजी, इथं लिहून ठेवू का? पुढच्या वर्षीचंबी लिहून टाकतो."

दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.