तीन संध्याकाळची खरखर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी भोरला वायरमन होतो. विजेची घरं मोजकी, त्यामुळे माझा तोरा फार. कुठे दिवा लुकलुकला की आधी घरमालकालाच दोन शब्द सुनवायचो. माझा राग नाकावर असतो आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर निघतो.

धाकटा भाऊ वेल्ह्याला जाऊन पलटणीत भरती झाला होता. समुद्रापलीकडे आपली फौज शरण गेली आणि त्याची पत्रं थांबली. आई गावाकडचं, पासलीचं घर बंद करून माझ्याकडे आली, ती देव घेऊनच. तो परत येईपर्यंत देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. पण तेल मिळेना. मग मीच देव्हाऱ्यात एक छोटा बल्ब लावून दिला. होल्डर जुना होता, कुठल्याशा घरातून काढून आणलेला. बल्ब रात्रंदिवस जळायचा आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

पुढे कुणकुण लागली की शत्रूच्या रेडिओ केंद्रावरून तीन दिवस, दिवेलागणीला, कैद्यांची नावं वाचणार आहेत. नाव कळलं तर कैदेतल्या माणसाला चार ओळी धाडता येतात, असं सगळे सांगत. एका गिऱ्हाइकाचा रेडिओ माझ्याकडे दुरुस्तीला होता. तो मी नीट करून ठेवला.

पहिल्या संध्याकाळी केंद्र लागलं, पण नुसती चिर्र चिर्र खरखर. मधूनच एखाद्या गावाचं नाव कळे आणि पुढे माणसाचं नाव बुडून जाई. आई रेडिओला कान लावून बसली होती.

"आपल्याचं झालं का रं?" ती सारखी विचारत होती.

मी तडक पुढल्या आळीतल्या पिठाच्या गिरणीवर गेलो. मोटरीच्या ठिणग्यांनी रेडिओ खरखरतो, हे मला ठाऊक होतं. चारचौघांत गिरणीवाल्याला वाटेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "आवो, आदी सांगायचं न्हाई का? पोराचं नाव यायचंय, तर दोन सांजा गिरनी बंद ठिवतो. लोकं सकाळी दळतील."

दुसऱ्या संध्याकाळी गिरणी बंद होती आणि खरखर तशीच. मी एरियलची तार बदलली, जमिनीत पुरलेली तार पाणी घालून ओली केली, शेजाऱ्यांचे दिवे बंद करायला लावले. काही उपयोग झाला नाही. तिकडे नावं वाचून होत होती.

तिसऱ्या संध्याकाळी, आज तरी नाव ऐकू येऊ दे म्हणून आई देवळात नवस बोलायला गेली होती. रेडिओ चालू ठेवून घरातला एकेक दिवा बंद करत मी देव्हाऱ्यापाशी आलो. तो दिवा मी जमेसच धरला नव्हता. बल्ब जरा दाबला, तशी खरखर बदलली. काढला, तशी थांबली. होल्डरची स्प्रिंग ढिली होऊन आत बारीक ठिणगी उडत होती. माझ्याच हातचं काम. रेडिओ आता स्वच्छ बोलत होता. मराठी मुलखातली नावं काल संपली, आज पुढच्या मुलखातली, असं सांगत होता.

स्प्रिंग ओढून मी बल्ब परत बसवला. आई आली.

"गेली का खरखर? कशाची व्हती?"

"गिरनीची. बंद केली म्हनला, पर मागनं चालवत व्हता. आपल्याकडची नावं कालच सपली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी शुद्धीवर असताना केलं. तिच्या दिव्यानंच लेकाचं नाव बुडवलं, हे तिला कसं सांगणार? पण होल्डर माझा होता, आणि मला माझी लाजही झाकायची होती.

"लेकाचं नाव खाल्लेल्या गिरनीचं पीठ माझ्या घरात न्हाई," आई म्हणाली. त्या वयात ती जात्यावर बसली. रोज पहाटे जात्याची घरघर ऐकत मी अंथरुणात पडून राहायचो.

लढाई संपल्यावर सरकारी कागद आला. भाऊ दोन वर्षं कैदेत होता आणि तिथेच तापाने वारला. म्हणजे यादीत नाव असणार. घरचं एक अक्षरही न बघता तो गेला.

गिरणीवाला भेटायला आला, तर आईने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तो बराच वेळ पायरीशी हात जोडून उभा राहिला. मी आत बसलो होतो. उठलो नाही.