निंबाखालचं टेबल

कोपरापर्यंत साबण लावून मी हात वर धरून उभा होतो. समोर उकळून निववलेल्या पाण्याची घागर. पाणी ओतायला आलेल्या गड्यानं लोटा उचलला, तेवढ्यात शाळेच्या ओट्यावरून गावच्या पटेलांनी विचारलं, "डॉक्टरसाब, पूरा नाम क्या है आपका?"

सांगितलं. आडनावासकट.

पटेलांनी गड्याकडे बघून नकाराची मान हलवली. गड्यानं लोटा खाली ठेवला.

साबण हातांवर वाळायला लागला. ऑपरेशनआधी हात धुताना घागरीला स्वतः शिवायचं नसतं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मी तसाच उभा. भीक मागतात तसे हात पुढे करून.

मध्यभारत तेव्हा नवं राज्य होतं. शिवाशीव कायद्यानं गेली, असं सभेसभेत सांगायचे. इंदूरला पोलोग्राउंडच्या कारखान्यात जन्म काढलेल्या मजुराचा मुलगा मी. सर्जन झालो. तुकोगंजातले आमचे मोठे साहेब दर थंडीत निमाडात फुकट ऑपरेशनांचं शिबिर घेत. येतोस का, त्यांनी विचारलं. सिमरोलचा घाट उतरताना त्यांच्या मोटारीत मी आनंदानं गात होतो.

साहेब शाळेच्या दारात आले. बघूनच समजले. हळू आवाजात म्हणाले, "आज तू भूल दे. चाकू मी धरतो. उगीच वाद नको."

"सर, भूल देताना पण हात लागतोच ना?"

"भुलीचा मास्क लागतो," ते म्हणाले.

मी मास्क धरला. टेबलावर पटेलांचा भाऊ. हार्निया कित्येक वर्षांचा, आणखी वर्षभर थांबला असता तरी चाललं असतं. खिडकीतून बाहेरचा निंब दिसत होता. त्याखाली खाटेवर एक जवान माणूस गुडघे पोटाशी घेऊन ओरडत होता. हार्निया त्यालाही होता, पण त्याचं आतडं अडकलं होतं. ओकून ओकून डोळे खोल गेलेले. गावाबाहेरच्या वस्तीतला. त्याला शाळेत आणायचं नाही, असं पटेलांनी बजावलं होतं. बायको शेजारी बसून पदरानं माशा वारत होती.

"सर, आधी त्याला घ्या."

"आतले होऊ देत."

"मरेल तो."

"आपण इथे पाहुणे आहोत."

पटेलांच्या भावाला टाके पडले. लगेच दुसरा आतला माणूस पुढे आला. त्याला मूळव्याध. मी मास्क खाली ठेवला. साहेबांच्या कंपाउंडरला म्हटलं, "भिया, ती बाजू पकड."

तो साहेबांकडे बघत राहिला. मी एकटाच टेबल ओढायला लागलो. दारात अडकलं. पटेल ओरडले, "ये टेबल वापस अंदर नहीं आएगा!"

"मत लेना."

तेव्हा कंपाउंडरनं दुसरी बाजू उचलली.

निंबाखाली माझ्या हातांवर पाणी त्या माणसाच्या बायकोनं ओतलं. धार तुटू दिली नाही तिनं.

कंपाउंडरनं भूल दिली. मी पोट उघडलं. आतडं काळं पडलं होतं. सडलेलं कापलं, चांगलं जोडलं, मला येत होतं ते सगळं केलं. तो शुद्धीवर आलाच नाही. ऊन कलायच्या आत गेला.

तिला कसं सांगावं कळेना. तीच उठली. माझ्यापुढे हात जोडले.

"साब, तुमनऽ हात तो लगायो."

मला रडू फुटलं. नवरा गेला होता तिचा. आणि शिवलं म्हणून ती माझे आभार मानत होती. एवढ्यावर भागवायला तिला कुणी शिकवलं? मलाही तेच शिकवलेलं. मोटारीत शेजारी बसवलं, म्हणून मी गात होतो.

इंदूरला परतल्यावर साहेबांनी दवाखान्यात बोलावलं.

"पटेल नाराज आहेत. जाऊन माफी माग. नाहीतर पुढच्या वर्षी तुला नेता येणार नाही."

"सर, तो जगला असता."

ते चष्मा पुसत राहिले.

"माफी मागणार नाही. आणि निमाडात जाणार. तुमच्याबरोबर नाही."

आता शिबिर वस्तीत लागेल. ज्याचा जीव आधी जातोय, तो आधी टेबलावर. पटेलांचं पोट दुखलं तर त्यांनीही यावं. वस्तीत, आपल्या पायांनी. मी तितक्याच काळजीनं शिवेन. त्यांच्यासाठी रांग मात्र मोडणार नाही.