पिएदाद टीचरच्या कोडातली पहिली ओळ

आधीच कबूल केलेलं बरं: पहिली माती खाल्ली ती ही गोष्ट सांगणाऱ्यानेच.

आचऱ्याच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. खाऱ्या हवेने गंजलेला कीबोर्ड बदलायला पिएदाद टीचरचा लॅपटॉप त्याच्याकडे आला. कीबोर्ड बदलला. तिथेच थांबायचं, तर नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात अपडेटचे लाल ठिपके बोंबलत होते, आणि हा पडला सेवाभावी. त्याने सरसकट सगळंच अपडेट केलं, ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, टीचरचं अ‍ॅप उभं होतं तेसुद्धा. टीचरला सांगितलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी पर्यटन मंडळाच्या सभेत, साठ माणसांसमोर, टीचरने अ‍ॅप उघडलं आणि भिंतीवर उमटला नुसता पांढरा पडदा.

पिएदाद फर्नांडिस म्हणजे अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात संगणक शिकवणारी बाई. हात धुतल्याशिवाय कुणाला कीबोर्डला शिवू देत नसे. तिच्यात एकच खोट होती. तिला विसरता येत नसे. बहिणीने लग्नात फिरवलेलं तोंड तिने एकोणीस वर्षं लोणच्यासारखं जपलं होतं, अधूनमधून बरणी हलवत.

मंडळाला अ‍ॅप हवं होतं ते घरगुती खोल्या आणि होड्यांच्या बुकिंगसाठी. कशात बांधायचं ते ठरवायलाच टीचरने दोन महिने घेतले होते. वाडीवाडीत जाऊन ती लोकांचे फोन हातात घेऊन बघायची आणि स्वतःलाच तीन प्रश्न विचारायची. ‘फोन कोणाचो? रेंज खंय? आणि मी मेल्यावर ह्या दुरुस्त कोण करतलो?’ फोन निघाले जुने, व्हिडिओंनी तुडुंब भरलेले. रेंज मिळायची ती माडावर चढल्यावर. म्हणून तिने निवडलं हलकंफुलकं फ्रेमवर्क. नोंद फोनातच राहील, रेंजची एक काडी दिसली की साध्या मेसेजने पुढे जाईल, आणि उद्या शाळेतलं एखादं पोरही ते दुरुस्त करील.

पण पांढऱ्या पडद्याला कोण हे विचारतो?

समर्थ उठला. मूळचा रेडीचा, आता पुण्यात अ‍ॅप बनवणारा. बोलताना माणसाकडे न बघता स्वतःच्या घड्याळाकडे बघणारा.

“टीचर, मुलांना शिकवायला हे ठीक आहे,” तो हसून म्हणाला. “धंद्याला मात्र खरं टूल लागतं.”

सभा हसली. मंडळाचा अध्यक्ष बाबली तर खोकला येईपर्यंत हसला. पिएदादने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि “चूक माझी” एवढंच म्हणून ती बसली. चूक कुणाची हे जाणणारा शेवटच्या रांगेत बुटाची नाडी बांधत होता. पायात चपला असताना.

काम समर्थला मिळालं. बुकिंगचं अ‍ॅप त्याने चक्क गेम बनवायच्या इंजिनात उभं केलं. उघडलं की डॉल्फिन उडी मारायचा, होडी गोल फिरायची, आणि तेवढ्यात अर्ध्या गावाचे फोन मान टाकायचे. शिवाय सगळी माहिती एका सर्व्हरवर, आणि तो सर्व्हर मंडळाच्या ऑफिसात. “आपल्या गावाची माहिती आपल्या गावात!” ह्या वाक्यावर बाबलीची छाती वीतभर फुगली.

पिएदाद घरी रोज संध्याकाळी कोड लिहीत बसे. बिघडलेलं अ‍ॅप तिने आठवड्यात उभं केलं, मग सत्तावीस घरांच्या फोनांत गुपचूप घातलं. कोडाच्या अगदी वर, अ‍ॅपला न दिसणारी पण तिला रोज दिसणारी एक ओळ तिने लिहून ठेवली होती: ‘मुलांना शिकवायला हे ठीक आहे.’ ती वाचायची, दात आवळायची, कामाला लागायची.

डिसेंबरात देवाचा कौल झाला. गावपळण लागली. तीन दिवस, तीन रात्री अख्ख्या गावाने वेशीबाहेर जायचं, गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट. त्यात देव कुणाचा ते कुणी विचारत नाही. फर्नांडिसांचं डुक्करही निघतं.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर समर्थचा मेसेज आला. नाताळच्या आठवड्याचं बुकिंग नव्या अ‍ॅपवर नेमक्या त्याच तीन दिवसांत खुलं होणार होतं. कोल्हापूर-बेळगावचे एजंट तयार होते. बाबलीने मेसेजखाली होकाराचा अंगठा ठोकला.

मंडळाला गावपळण ठाऊक होती, सर्व्हर म्हणजे काय ते नव्हतं. समर्थला सर्व्हर ठाऊक होता, गावपळणीची तारीख नव्हती. दोन्ही जाणणारं माणूस एकच, पिएदाद. तिने ‘समर्थ, त्या दिवशी गावात’ इतकं टाइप केलं. बोट थांबलं. मग एकेक अक्षर चवीने पुसलं आणि तिनेही अंगठा ठोकला.

निघताना बाबलीने, शिस्तीचा माणूस, ऑफिसचा मेन स्विच पाडला, आणि सर्व्हरही झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी समर्थची गाडी वेशीबाहेरच्या राहुट्यांपाशी थांबली. चेहरा सुकटीसारखा झालेला. एजंटांच्या फोनांवर कालपासून डॉल्फिन नुसताच उड्या मारत होता.

“काका, पाच मिनिटांचं काम आहे. स्विच वर करून येतो!”

“पाच मिनिटां?” बाबली म्हणाला. “अरे, थंय मांजर रवाक नाय, तू खंय जातंस? देवाक इचार. देव हो म्हणाक परवा उजाडात.”

शेजारच्या राहुटीत, घरच्या खोल्या पर्यटकांना देणाऱ्या सावित्रीचा फोन टुणकन वाजला. “टीचर गो, माझी दुसरी पण खोली गेली!”

समर्थने वळून पाहिलं. झावळ्यांच्या सावलीत पिएदाद बांगडे भाजत होती. आजूबाजूच्या फोनांवर बुकिंगचे मेसेज येत होते. सर्व्हर नाही, डॉल्फिन नाही. कंटाळलेल्या एजंटांना तिने सकाळीच बुकिंगचा मेसेज पाठवायचा नंबर कळवला होता.

“तुम्हाला माहीत होतं,” समर्थ हळूच म्हणाला. “सांगितलं का नाही?”

“मी मुलांका शिकवतंय रे. धंद्यातला माका काय कळता?” तिने बांगडा उलटला. “मदत होयी?”

त्याने मान डोलावली. तिने लॅपटॉप पुढे केला.

“पयली ओळ वाच. मोठ्यान.”

त्याने वाचली.

“परत. बाबलीक ऐकाक येवक नाय.”

त्याने परत वाचली. बाबलीला मुळीच खोकला आला नाही. मग पिएदादने समर्थच्या हातात बांगडा दिला आणि परवापर्यंत त्याला बाजूला बसवून, एजंटांची नावं एकेक करून आपल्या अ‍ॅपात भरायला लावली. पुढच्या सभेत काम तिच्याकडे आलं.

“पण टीचर,” सावित्रीने भर सभेत विचारलं, “त्या दिवशी तुमचो पडदो पांढरो कित्या झालो?”

पिएदादने शेवटच्या रांगेकडे बघितलं. बराच वेळ.

“शोधतंय अजून,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. कीबोर्ड पुन्हा गंजला होता म्हणे. तिने कोड उघडून दाखवला. पहिली ओळ पुसलेली. तिच्या जागी अपडेटची तारीख, वेळ, दुकानाचं नाव, आणि पुढे नावासाठी मोकळी जागा.

“समर्थचा झाला,” ती गोड हसून म्हणाली. “ही ओळ तुझी. सभेत सांग, मगे पुसतंय.”

कीबोर्ड त्याच संध्याकाळी बसवून झाला. त्यानंतर दोन सभा होऊन गेल्या, दोन्हींत शेवटच्या रांगेत नाडीच बांधली गेली. लॅपटॉप अजून दुकानातच आहे, आणि टीचर रोज बाजारातून जाताना बाहेरूनच विचारते, “झाला रे?”

“पार्ट येवचो आसा, टीचर,” गोष्ट सांगणारा म्हणतो.